पाठीवरचा डबा

आमच्या शेजारचे गृहस्थ नांदेडच्या नव्या मोंढ्यात एका आडतीवर मुनीम आहेत. गेल्या दिवाळीच्या सुट्टीआधी ते मुलाची शाळेची डायरी घेऊन माझ्याकडं आले. वर्गशिक्षिकेनं तीत इंग्रजीत चार ओळी लिहिल्या होत्या, त्या वाचून दाखवायला त्यांना माणूस हवा होता. मुलगा वर्गात बोलत नाही, विचारलेल्याचं उत्तर देत नाही, लक्ष नसतं. तरी कृपया घरी त्याच्याशी इंग्रजीत बोलत जावं. मी वाचलं आणि मराठीत सांगितलं. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, ''सर, मला इंग्रजी येत असती तर ही डायरी तुमच्याकडं कामून आणली असती?''

मुलगा तिसरीत. घरी एवढा बडबड्या की त्याची आजी त्याला रेडिओ म्हणते. मी त्याच्या गणिताच्या पुस्तकातलं एक उदाहरण त्याला वाचायला लावलं. रवीकडं बारा गोट्या, सीतेकडं सात. 'हाउ मेनी मोर' असा प्रश्न. त्यानं झटकन बेरीज केली, एकोणीस. 'मोर' दिसलं की मिळवायचं, एवढं त्यानं आपल्यापुरतं ठरवून टाकलं होतं. तेच मराठीत विचारलं, रवीकडं सीतेपेक्षा किती जास्त? पाच, म्हणाला, आणि माझ्याकडं असं बघितलं की हे काय विचारणं झालं. मग मी मोंढ्याकडं वळलो. सोयाबीन ४३०० रुपये क्विंटल, पन्नास किलोच्या एका कट्ट्याचे किती? ''एकवीसशे पन्नास.'' बापाच्या शेजारी गादीवर बसून बसून आलेला हिशेब.

वजाबाकी त्याला येत होती, 'मोर' येत नव्हतं. शाळेच्या प्रगतिपुस्तकात मात्र तो गणितात कच्चा होता.

त्याच आठवड्यात माझ्या भाचीचा कॅनडातून फोन आला. ती मूळची लातूरची, आता ओटावात असते. तिचा मुलगा दुसरीत, तिकडं ज्याला फ्रेंच इमर्शन म्हणतात त्या वर्गात. घरी मराठी, मैदानावर इंग्रजी आणि वर्गात बरेच विषय फ्रेंचमधून. मुलाचं वाचन अडलंय, शाळेनं आडून आडून सुचवलंय की साध्या इंग्रजी वर्गात त्याला सोपं जाईल. ''मामा, काढू का रे त्याला?'' मुनिमांनीही जाताना हेच विचारलं होतं, ''सर, काढू का?'' दोन घरं, मध्ये हजारो कोसांचं अंतर, आणि काळजी शब्दाला शब्द तीच. वाटलं, दोघांना एकच उत्तर देता येईल. पण खोलात गेल्यावर दिसलं की दोन शाळा वरवर सारख्या असल्या तरी आत उलट्या बांधलेल्या आहेत.

कॅनडातला हा प्रयोग सुरू झाला तो १९६५ मध्ये, माँट्रियलजवळच्या सेंट लँबर्ट या उपनगरात. इंग्रजी बोलणाऱ्या पालकांना वाटू लागलं होतं की क्यूबेकमध्ये राहायचं तर मुलांना फ्रेंच नीट आलं पाहिजे, शाळेतल्या तासाभराच्या फ्रेंचनं ते येत नाही. त्यांनी शाळेच्या मागं लागून बालवाडीपासून फ्रेंचमधून शिकवणारा वर्ग काढून घेतला आणि मॅकगिल विद्यापीठातल्या वॉलेस लँबर्ट या मानसशास्त्रज्ञानं त्या मुलांची वर्षानुवर्षं पाहणी केली. प्रयोग यशस्वी झाला, देशभर पसरला, जगभर त्याचे दाखले दिले जाऊ लागले. आपल्याकडच्या इंग्रजी शाळांची जाहिरातही नकळत त्याच दाखल्यावर चालते: लहानपणी भाषेत बुडवा, मूल आपोआप पोहू लागेल.

पण सेंट लँबर्टच्या त्या वर्गाच्या तीन गोष्टी जाहिरातीत येत नाहीत. शिकवणाऱ्या बाई फ्रेंच बोलत, तरी त्यांना इंग्रजी समजत असे. सुरुवातीला मूल इंग्रजीत काही म्हणालं तर ते चालत असे, बाई उत्तर फ्रेंचमध्ये देत. वर्गातली सगळी मुलं फ्रेंचला सारखीच नवी होती, त्यामुळं कुणी कुणाच्या मागं नव्हतं. आणि दुसरीपासून इंग्रजीचा तास सुरू होत असे, म्हणजे घरची भाषा शाळेच्या दारात काढून ठेवावी लागत नव्हती. शिवाय ती घरची भाषा कोणती, तर खंडभर सत्ता गाजवणारी इंग्रजी. तिला कुणी मागास म्हणत नव्हतं. लँबर्टनं पुढं यातूनच भेद केला: एका भाषेत दुसरीची भर घालणारं द्वैभाषिक शिक्षण वेगळं, आणि दुसरी देताना पहिली वजा करणारं वेगळं.

आमच्याकडं विहिरीत पोहायला शिकवतात त्याची मला आठवण होते. मुलाच्या पाठीला पत्र्याचा रिकामा डबा नाहीतर वाळलेला भोपळा बांधतात, काठावरचा माणूस दोर धरतो, आणि मग ढकलतात. नाकातोंडात पाणी जातं, मूल रडतं, पण बुडत नाही. चार दिवसांनी डबा नुसता नावाला उरतो. सेंट लँबर्टनं मुलांना पाण्यात ढकललं, पण डबा ठेवून. आपण काय करतो? आधी डबा सोडवतो, मग ढकलतो आणि वर बापाला चिठ्ठी लिहितो की तुम्हीही डबा वापरू नका.

ही सवय आपल्याकडं इंग्रजीनं आणली असं मानायचं कारण नाही. मराठवाड्यातल्या शाळेचं हे ओळखीचं जुनं दुखणं आहे. निजामाच्या हैदराबाद संस्थानात १८८४ च्या सुमारास फारसी जाऊन उर्दू ही राज्यकारभाराची भाषा झाली आणि १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ उर्दू माध्यमातून सुरू झालं. त्याच्यासाठी स्वतंत्र भाषांतर विभाग काढून विज्ञान, वैद्यक, कायदा यांची पुस्तकं उर्दूत आणली गेली. उच्च शिक्षण भारतीय भाषेतून देता येतं हे त्या विद्यापीठानं दाखवून दिलं, आणि त्याचं श्रेय त्याला द्यायलाच हवं. पण संस्थानातले बहुसंख्य लोक तेलुगू, मराठी आणि कन्नड बोलत होते. नांदेडच्या, लातूरच्या, बीडच्या मुलाला प्राथमिकच्या पुढं गेलं की भूमितीही उर्दूत भेटायची. म्हणून तर हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा, अंबाजोगाईची योगेश्वरी या संस्था आमच्या भागात नुसत्या शाळा म्हणून आठवल्या जात नाहीत. स्वामी रामानंद तीर्थ राजकारणात उतरण्याआधी या दोन्ही ठिकाणी मास्तर होते. माझे एक चुलत आजोबा आयुष्यभर गुणाकार उर्दूत मनातल्या मनात करायचे आणि उत्तर मराठीत सांगायचे. त्यांना उर्दू उत्तम यायची, शेरही पाठ होते. मात्र त्यांच्याबरोबर शाळेत बसलेले आणि मध्येच गळालेले किती, हे कुणी मोजलं नाही. जो तरला तो आठवणी सांगतो. इंग्रजी माध्यमाचंही तेच चाललंय. त्याची कीर्ती तरलेली मुलं सांगतात.

आणि मराठीनंही हेच केलं आहे. किनवट-माहूरच्या तांड्यांवर पहिलीत येणारं मूल गोरमाटी बोलत येतं, तिथल्याच पाड्यांवरचं मूल कोलामी किंवा गोंडी बोलत येतं. देगलूर-धर्माबादकडं घरात तेलुगू असते, उदगीर-निलंग्याच्या सीमेवर कन्नड. या लेकरांना 'कमळ' हा शब्द आपण ज्या निर्विकारपणे फळ्यावर लिहितो, त्याच निर्विकारपणे नांदेडची शिक्षिका मुनिमांच्या मुलापुढं 'मोर' लिहिते. मातृभाषेतून शिक्षण हवं म्हणून व्यासपीठावर टेबल बडवणाऱ्यांनी (मी त्यातला एक होतो) किनवटची शाळा एकदा बघून यावी. तांड्यावरचं मूल गप्प बसलं की त्याला बुजरं म्हणायची आपली रीत आहे.

आता लातूरकडं येतो, कारण माझी हयात तिथं गेली. तिथल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी जीवशास्त्र शिकवलं. राजर्षी शाहू आणि दयानंद या महाविद्यालयांनी उभ्या केलेल्या 'लातूर पॅटर्न'बद्दल राज्यभर बोललं जातं: सराव परीक्षा, पहाटेचे तास, उत्तरपत्रिकांची कठोर तपासणी, मेस, वसतिगृहं. एक गोष्ट कुणी बोलत नाही, कारण ती आम्हाला इतकी स्वाभाविक वाटते की दिसतच नाही. अकरावीचं विज्ञान इंग्रजीत असतं. समोर बसलेली मुलं अहमदपूर, औसा, कंधार, मुखेडच्या मराठी शाळांतून दहावी करून आलेली असतात. आम्ही पुस्तक इंग्रजी धरायचो, संज्ञा इंग्रजी लिहायचो आणि समजावून सांगायचो मराठीत. ''बघा, ऑस्मॉसिस म्हणजे काय, तर आईनं लोणच्याच्या फोडींना मीठ लावून ठेवलं की पाणी सुटतं की नाही?'' वर्ग हसायचा आणि ऑस्मॉसिस कळायचं. मग उत्तर इंग्रजीत लिहून घ्यायचं, पुन्हा पुन्हा. आज उद्योग भवनाच्या परिसरातल्या कुठल्याही शिकवणीच्या खिडकीखाली उभं राहा, हीच मिश्र बोली ऐकू येईल. हजारो डॉक्टर या बोलीतून निघाले. ती कुणाला कमीपणाची वाटली नाही.

म्हणजे एकाच गावात सोळा वर्षांच्या मुलाला, ज्याला त्याची गरज त्यातल्या त्यात कमी, आम्ही डबा बांधतो. आणि सहा वर्षांच्या पोराचा काढून घेतो. मराठीत बोललं म्हणून दहा रुपये दंड करणाऱ्या शाळा मी ऐकल्या आहेत. दंड भरणारा बाप संध्याकाळी ज्या शिकवणीची चौकशी करतो, तिथले मास्तर मराठीत शिकवतात!

इथं भाषाशास्त्राचा थोडा आधार घेतो. टोरांटोत अध्यापन केलेल्या जिम कमिन्स यांनी १९७९ च्या सुमारास एक भेद मांडला. मुलाला नव्या भाषेत खेळता-भांडता येणं वेगळं आणि त्या भाषेत शिकता येणं वेगळं. पहिलं साधारण दोन वर्षांत जमतं, दुसऱ्याला पाच ते सात वर्षं लागतात. आपण पहिल्यावर भुलतो. पाहुण्यांपुढं पोरगं 'ट्विंकल ट्विंकल' म्हणतं, 'मे आय गो टू टॉयलेट' म्हणतं, आणि आपल्याला वाटतं इंग्रजी आली. कमिन्स यांचं दुसरं म्हणणं मला अधिक मोलाचं वाटतं: एका भाषेत पक्की झालेली समज दुसरीत जाते. कारण, परिणाम, तुलना, क्रम या गोष्टी मराठीत बसल्या की इंग्रजीत पुन्हा शिकाव्या लागत नाहीत, फक्त त्यांची नावं शिकावी लागतात. आम्ही लातूरला हेच करत होतो, पुस्तक न वाचता.

तेव्हा 'घरी इंग्रजीत बोला' हा सल्ला प्रेमानं दिलेला असला तरी घातक आहे. मुनिमांकडं इंग्रजीचे चाळीसेक शब्द आहेत, त्यातले निम्मे ट्रकचे आणि बिलाचे. त्या चाळीस शब्दांत ते लेकराशी काय बोलणार? 'कम', 'सिट', 'ईट', 'डोन्ट'. मराठीत मात्र ते त्याला सोयाबीनची आर्द्रता बाजारात कशी मोजतात, भाव दुपारनंतर का पडतो, आजोबांचं रान कसं विकलं गेलं, हे सगळं सांगू शकतात. मूल ज्या भाषेत श्रीमंत आहे तिथून उठवून ज्या भाषेत बाप भिकारी आहे तिथं बसवायचं, असा या सल्ल्याचा अर्थ होतो. त्या शिक्षिकेलाही मी दोष देत नाही. ती स्वतः मराठी माध्यमातली, पगार सांगायला तिला लाज वाटावी इतका, आणि वर्गात मराठी शब्द निघाला तर तिलाच बोलणी बसतात.

मग करायचं काय? मुनिमांना मी सांगितलं ते फार साधं होतं. रोज रात्री त्याला विचारा, आज शाळेत काय शिकवलं ते मला मराठीत सांग. त्याला सांगता आलं तर काळजी नको, इंग्रजी सावकाश येईल. सांगता आलं नाही तर तो धडा आधी मराठीत समजावायला माणूस शोधा. बालभारतीची त्याच इयत्तेची मराठी पुस्तकं स्वस्त मिळतात. परिसर अभ्यासाचं पुस्तक घरी असू द्या आणि वाचून घ्या. शाळेत मराठीचा तास २०२० च्या कायद्यानं सक्तीचा झाला आहे, तो खेळाचा तास समजू नका. इंग्रजी शिकवणी लावायचीच असेल तर मराठीतून इंग्रजी शिकवणाऱ्याची लावा. चटपटीत उच्चारांच्या बाईंची नको. आणि एक, त्याला एकोणतीस, एकोणसत्तर म्हणता येऊ द्या. २०१९ मध्ये बालभारतीनं दुसरीत 'वीस नऊ' आणलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. तो करणाऱ्यांपैकी बऱ्याच घरांतल्या नातवंडांना आज 'ट्वेंटी नाइन'च येतं.

भाचीचं उत्तर वेगळं होतं. तिचा मुलगा फ्रेंचमध्ये अडला होता, पण इंग्रजीत आणि मराठीतही अक्षरांशी त्याचं जमत नव्हतं. तोंडी मात्र सगळं येत होतं. अशा वेळी माध्यमाकडं बोट दाखवणं सोपं आणि चुकीचं. कॅनडातही यावरून वाद झालेला आहे. ओटावातले संशोधक रोनाल्ड ट्राइट्स यांचं १९७० च्या दशकात म्हणणं होतं की काही मुलांनी इमर्शनमधून बाहेर पडणंच बरं. फ्रेड जेनेसी यांच्या पाहण्यांतून उलट दिसलं: अभ्यासात कमी पडणारं मूल इमर्शनमध्ये इंग्रजी वर्गातल्या तशाच मुलापेक्षा मागं पडत नाही, वर फ्रेंच शिकतं. म्हणजे दुखणं वाचनाचं असेल तर वर्ग बदलल्यानं ते जात नाही. मुलाबरोबर नव्या वर्गात येऊन बसतं. मी तिला म्हणालो, काढायच्या आधी कान तपास, डोळे तपास, मग वाचनाची तपासणी करून घे. आणि घरचं मराठी बंद करू नकोस. लाज वाटते म्हणून ती त्याच्याशी इंग्रजी बोलू लागली होती हे मला तेव्हाच कळलं.

इथल्या पालकांनाही हे लागू आहे. मराठीत अक्षर आणि उच्चार यांची गाठ बरीच सरळ असते, 'बट' आणि 'पुट'सारखी फसवाफसवी कमी. म्हणून तिसरी-चौथीपर्यंत मराठी वाचनही बसत नसेल तर ती सूचना समजावी. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रानं तयार केलेल्या 'डाली' या डिस्लेक्सिया चाचणीत हिंदी, कन्नड, इंग्रजीबरोबर मराठीही आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं अध्ययन अक्षमतेला मान्यता दिली आहे. मूल ढ आहे असं म्हणण्याआधी निदान एवढं तरी करावं.

काढायचं की ठेवायचं, हा प्रश्न उरतोच. माझा कल मराठी शाळेकडं आहे हे लपवत नाही. पण जिल्हा परिषदेच्या शाळेत दोन वर्गांना एक गुरुजी असतील तर केवळ भाषा घरची म्हणून शिक्षण होत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात मातृभाषेतून शिकवणं 'शक्य तितपत' असा शब्द आहे. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कर्नाटकच्या खटल्यात माध्यम निवडणं हा पालकांचा आणि मुलांचा अधिकार ठरवला, तेव्हा सरकारकडं बघत बसण्यात अर्थ नाही. बदलायचं असेल तर चौथी-पाचवीच्या आत बदलावं, आठवीत नको. बदल शिक्षा म्हणून करू नये. 'तुला जमेना म्हणून' हे वाक्य पोर जन्मभर विसरत नाही. गावात बरी सेमी-इंग्रजी शाळा असेल, जिथं गणित-विज्ञान इंग्रजीत आणि बाकी मराठीत आहे, तर तो मला मधला आणि बऱ्यापैकी शहाणा रस्ता वाटतो. अकरावीची भिंत खरी आहे; तिच्याकडं डोळेझाक करून मातृभाषेची प्रवचनं देणं गरिबाच्या पोरावर अन्याय आहे. पण भिंत अकरावीत आहे म्हणून बालवाडीतच डोकं आपटायला सुरुवात करावी, हेही मला पटत नाही.

मुनिमांनी मुलाला काढलं नाही. फी भरलेली होती आणि भावकीत तोंड दाखवायचं होतं. पण दिवाळीनंतर ते डायरी घेऊन पुन्हा आले आणि म्हणाले, ''सर, ह्येच्यात आपलं उत्तर लिहा. मराठीत.'' मी लिहिलं की, आम्ही घरी त्याच्याशी मराठीत बोलू, शाळेतला धडा रोज मराठीत समजावून घेऊ. त्याला वर्गात उत्तर मराठीत सुचलं तर कृपया ते आधी ऐकून घ्यावं, मग इंग्रजी शब्द सांगावा. खाली त्यांनी सही केली. दुसऱ्या दिवशी डायरी परत आली. आमच्या मजकुराखाली निळ्या शाईत शाळेचा शिक्का होता, 'सीन'.